देवमाशिणीची पाठवणी

होता एक राजा. असणारच. राजा नसला तर तुम्ही ऐकता कुठे? पण त्याचं नाव विचारू नका, त्याला या गोष्टीत फारसं काम नाही. काम आहे ते त्याच्या राणीला. तिचं नाव गोजिरा. गोजिरा राणी मनानं फार चांगली होती, बरं का. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागाहून तुम्ही विचाराल, आजी, राणी दुष्ट होती का गं? नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला नाही म्हणता येतं.

निनाद, पाय आत घे. गार्गी, चिमटे काढू नकोस त्याला, मला दिसतंय.

तर या राजाचं राज्य होतं समुद्राकाठी. पाणी कोमट, वारा बेताचा, आणि गावाला लागून एक मोठी शांत खाडी. त्या गावची एक रीत होती. दारी आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही. चांगली रीत आहे, नाही कोण म्हणतं? पण त्यांनी तिचं काय करून ठेवलं होतं ऐका. पाहुणा नको म्हणाला की एक पोळी वाढायची. खरंच नको म्हणाला की दोन. आणि त्यानं पानावर हात आडवा धरला, तर हातावर वाढायची. एकदा एक जावई त्या गावात जेवला तो आठ दिवस आडवाच होता, वैद्य बोलवावा लागला. त्याचासुद्धा गावाला अभिमान! आमच्याकडून कोणी उपाशी गेलं नाही, म्हणायचे, आणि मिशांवर ताव द्यायचे.

आणि लेक माहेरी बाळंतपणाला आली, तर मग काही विचारूच नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, शेगडी. ती जायला निघाली की, राहा गं अजून दोन दिवस. ती दोन दिवस राहिली की, आता सण आलाय, सणाची कशी जातेस?

मग एकदा काय झालं, संक्रांतीच्या आधी चार दिवस खाडीत एक देवमाशीण आली.

केवढी? आपली एसटी असते ना, तिच्याहून लांब. काळीकरडी, पाठीवर शंखशिंपले चिकटलेले, आणि डोळा मात्र गाईसारखा गरीब. गावातले सगळे पळत काठावर आले. कोणी म्हणे संकट, कोणी म्हणे देव. तेव्हा ठकू सुईण पुढे झाली. ठकू म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे ती कोणालाही काहीही बोलायची. तिनं त्या धुडाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "संकट कसलं, मेल्यांनो? बाई अवघडलीय. दिवस भरलेत तिचे."

आणि ठकू नऊवारीचा काचा मारून गळ्याएवढ्या पाण्यात शिरली. देवमाशिणीला सुईण लागत नाही, हे मलाही कळतं, गार्गी. पण गावात बाळंतपण आणि ठकू घरात, असं कधी झालं नव्हतं. मग पिल्लू झालं. देवमाशाचं पिल्लू पाण्यात होतं, पण त्याला आपल्यासारखा वरचा वारा लागतो. जन्मल्या जन्मल्या त्याला वर ढकलावं लागतं, पहिला श्वास घ्यायला. खालून आईनं ढकललं, वरून ठकूनं हात दिला, आणि पिल्लानं फुर्रर्र करून सगळ्या गावावर पाणी उडवलं.

गोजिरा राणीला तीन मुलगे होते, लेक नव्हती. लेक नाही म्हणून ती आतल्या आत झुरायची. ती काठावर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "ही माझी थोरली लेक. माहेरी आलीय बाळंतपणाला." आणि देवमाशिणीनं तिला आई म्हटलं. झालं! त्या दिवसापासून देवमाशिणीचं नाव पडलं थोरली. बाराव्या दिवशी बारसं झालं. चार होड्या एकाला एक बांधून त्यांचा पाळणा केला, घुगऱ्या वाटल्या, आणि पिल्लाचं नाव ठेवलं पोवळी.

इथवर सगळं छान आहे. इथंच झोपायचं तर झोपा. नाही? मग ऐका.

बाळंतिणीला राणीनं जेवण पाठवलं. होडीभर लाडू. थोरलीनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी होडीभर मासे पाठवले. थोरलीनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी राणी स्वतः आली, डोळ्याला पदर लावून. "काय गं, माहेरचं गोड लागत नाही का?"

थोरली म्हणाली, "तसं नाही गं आई. आमची रीतच वेगळी. माझी चूल इथं नाही, ती उत्तरेला आहे, पार वर, जिथं समुद्र गोठतो. हिवाळ्यात तिथं पाण्यावर बर्फाचं छप्पर पडतं. आम्हाला श्वास घ्यायला वर यायला जागा राहत नाही. शिवाय हे तान्हं, याच्या अंगावर चरबी नाही, त्या पाण्यात ते गारठून जाईल. म्हणून आम्ही खाली येतो. उन्हाळ्यात बर्फ फुटतं. तिकडे तेव्हा सूर्य मावळतच नाही. त्या उन्हानं पाण्यावर हिरवी साय धरते. साय खायला बारीक कोलंबीएवढा जवळा येतो, आणि जवळा खायला आम्ही जातो. चार महिने पंगत चालते. त्या चार महिन्यांत जेवायचं ते जेवायचं आणि अंगावर साठवायचं. उरलेले आठ महिने त्यावर काढायचे. माझं कोठार माझ्या कातड्याखाली आहे. तू काळजी करू नकोस."

काय म्हणालास, निनाद? एवढी मोठी आणि जवळा खाते? हो. तिला दातच नाहीत. दातांच्या जागी झालर असते, चाळणीसारखी. घास घ्यायचा, पाणी झालरीतून बाहेर ढकलायचं, आणि आत राहिलेला जवळा गिळायचा. दिवसाला टोपल्याच्या टोपल्या. राजाच्या बापाला जमलं नसतं तेवढं पुरवायला.

राणीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. आणि घरी जाऊन राजाला म्हणाली, "लाजतेय हो पोर."

मग माघ संपत आला. देवमाशांचा कळप दक्षिणेकडून परत निघाला. त्यांची एक म्हातारी होती, कळपाची वाट तिला पाठ. तिनं खाडीच्या तोंडाशी येऊन हाक दिली, "चल गं, निघायला हवं. वाट लांबची आहे." थोरलीनं पोवळीला पोटाशी घेतलं आणि राणीचा निरोप घ्यायला आली. राणी म्हणाली, "अगंबाई, होळी तोंडावर आलीय आणि चाललीस? माहेरवाशीण सणाच्या तोंडावर गेली तर लोक काय म्हणतील मला?" थोरलीला नाही म्हणवलं नाही. ती होळीपर्यंत राहिली. म्हातारी बाहेर थांबली.

होळी झाली. म्हातारीनं परत हाक दिली. राणी म्हणाली, "आता पाडवा पंधरा दिवसांवर आलाय. वर्षाचा पहिला दिवस. गुढी बघून जा, माझ्या गळ्याची शपथ." थोरली पाडव्यापर्यंत राहिली. म्हातारी बाहेर थांबली, पण कळपातली तरणी पोरं पुढे निघून गेली.

पाडवा झाला. म्हातारीनं तिसरी हाक दिली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज चढलेला होता. आणि राणी काय म्हणाली? म्हणाली, "चैत्रगौर बसलीय. खुद्द गौर माहेरी आली की अक्षय्यतृतीयेपर्यंत हलत नाही. तू गौरीपेक्षा मोठी का?"

आता यावर काय बोलायचं! आमच्यात म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. थोरली भिडेला बळी पडली. म्हातारी म्हणाली, "बाई, मला चाळीस जिवांना घेऊन जायचंय. तुझ्या एकटीसाठी मी त्यांना मारू शकत नाही." आणि ती गेली. चूक नव्हतं तिचं.

इकडे पोवळी वाढत होती. देवमाशिणीचं दूध कसं, खरवसासारखं दाट. एकेका दिवसाला पोवळी माणसाच्या वजनाएवढी वाढायची. ते सगळं यायचं कुठून? आईच्या कोठारातून. अक्षय्यतृतीयेच्या दिवशी ठकू थोरलीच्या अंगाला तेल लावायला गेली. रोज लावायची ती, घागरभर लागायचं. तिचा हात थोरलीच्या मानेशी आला आणि थांबला. तिथं खड्डा पडला होता. पाठीचा कणा वर आला होता.

ठकू तशीच ओल्या लुगड्यानं राजवाड्यात गेली. "राणीसाहेब, तुमच्या लेकीच्या मानेशी खड्डा पडलाय. तिला जाऊ द्या."

राणी एकदम उभी राहिली. "अगं, म्हणूनच तर म्हणतेय ना मी! अशा हडकलेल्या लेकीला मी सासरी पाठवू? चार घास खाल्ल्याशिवाय मी तिला खाडीबाहेर पाऊल टाकू देणार नाही."

"तिची भूक तिकडची आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं करताय तुम्ही."

"तू सुईण आहेस, ठकू. मी आई आहे," राणी म्हणाली.

आणि तिनं हुकूम सोडला. गावातल्या सगळ्या होड्या आणल्या, खाडीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत दोरानं बांधल्या, आणि होड्यांत गावातले लोक बसवले, बायकापोरांसकट. म्हणाली, थोरलीनं एकदा पोटभर खाल्लं की दोर सोडा. लोक हौसेनं बसले. का नाही बसणार? पुण्याचं काम. माहेरवाशिणीला जेवू घालायचं.

थोरलीनं शेपटीचा एक फटका दिला असता ना, तर सगळ्या होड्या बोरांसारख्या उडाल्या असत्या. पण त्या होड्यांत पोरं होती. तिच्या पोवळीच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेली पोरं. ती त्यांच्या जवळ जायची, बघायची, आणि परत फिरायची. बारा दिवस ती अशी फेऱ्या मारत होती. मला याचाच राग येतो. तिचा येतो, त्यांचा येतो, कोणाचा जास्त ते सांगता येत नाही.

तेराव्या दिवशी थोरलीनं तोंड उघडलं. केवढा आनंद झाला गावाला! वाजंत्री वाजली. राणीनं स्वतः होडीत उभं राहून खीर ओतली, तांदळाची, गूळ घालून, दाट. घागरीमागून घागर. थोरली नको म्हणायला लागली तर आणखी पाच घागरी ओतल्या, रीतच होती ना ती. ते शिजलेले तांदूळ तिच्या झालरीत जाऊन बसले आणि चिकटले. गिळता येईना आणि थुंकता येईना. राणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता माझ्या जिवाला बरं वाटलं."

पाहिलंत ना? तिच्या जिवाला.

मग दोर सोडला. पाठवणी थाटात झाली. ओटी भरायला थोरलीला ओटी कुठली, म्हणून खण आणि नारळ पाण्यात सोडले. पाठवणीला पाठराखीण लागते, म्हणून ठकू म्हणाली मी जाते. तिनं एक गोधडी घेतली, शिदोरी घेतली आणि थोरलीच्या पाठीवर जाऊन बसली. कशी बसली म्हणजे? बसली. तुमच्या टीव्हीतली माणसं हवेत उडतात तेव्हा नाही विचारत ते मला?

तेव्हा ज्येष्ठ तोंडावर आला होता. उत्तरेला पंगत बसली होती, आणि या तिघी अजून आपल्याच दारात.

मग थोरली निघाली. उजवीकडे जमीन ठेवायची आणि उत्तरेला जायचं, एवढं तिला ठाऊक होतं. कळप असता तर पोवळीला मध्ये घेऊन सगळे चालले असते. आता एकटीच. वाटेत काळे-पांढरे दातेरी मासे भेटले, पिल्लांची शिकार करणारे. त्यांचीही टोळी असते आणि ते एकट्या आईची वाटच बघत असतात. थोरलीनं पोवळीला पाठीवर घेतलं आणि काठाच्या उथळ पाण्यात, खडकांत, शेवाळात घुसली. पोटाला खडक घासले. दोन दिवस आणि दोन रात्री ती तिथं हलली नाही. ठकू वरून त्यांना शिव्या घालत होती, जेवढ्या येत होत्या तेवढ्या. शेवटी ते कंटाळून गेले. पोवळी वाचली. पण थोरलीचं त्यात बळ गेलं, आणि वाटेत तर खायला काही नाही.

श्रावण गेला. आपल्याकडे गणपती उठले असतील, तेव्हा त्या तिघी उत्तरेला पोचल्या.

ठकूनं जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. पाण्यात बर्फाचे डोंगर तरंगतायत, त्यांच्या कडा निळ्या. सूर्य आता मावळायला लागला होता, पण अजून रेंगाळत होता. आणि पंगतीत नाना जाती. एक जात तोंड आ वासून पाण्यावरून संथ चालत होती, आणि जवळा आपोआप आत जात होता. दुसऱ्या जातीचे सात-आठ जण मिळून खाली जायचे, गोल फिरत बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांचं कुंपण झालं की त्यात सापडलेलं सगळं एकदम गिळायला वर यायचे. आणि थोरलीची जात होती तळाची. ते खाली जायचे, उजव्या कुशीवर वळायचे, चिखलात तोंड घालायचे, आणि चिखल ओढून गाळायचे. त्या चिखलात बारीक कोलंबीसारखे किडे असतात, मुठी-मुठीनं. सगळे कसे गुटगुटीत झाले होते! मानेवर वळ्या पडल्या होत्या.

म्हातारीनं थोरलीला पाहिलं. तिच्या मानेशी पाहिलं. मग म्हणाली, "आता आलीस? बाई, वरातीमागून घोडं गं तुझं. जवळा खाली गेला. तळ आम्ही तीन महिने खरवडलाय."

थोरलीनं श्वास भरून घेतला. खाली गेली. उजव्या कुशीवर वळली, चिखलात तोंड घातलं, ओढलं, आणि पाणी बाहेर ढकललं. पाणी जाईना. उजव्या बाजूच्या झालरीत राणीची खीर बसली होती. सडून, घट्ट होऊन, खळीसारखी. मग ती डाव्या कुशीवर वळली. ज्यानं जन्मभर उजव्या हातानं खाल्लंय त्याला डाव्यानं खायला सांगून बघा. शंभरदा खाली जायची तेव्हा दोन घास मिळायचे. आणि संध्याकाळी पोवळी दूध मागायची.

मग बाकीच्यांनी तिला दिलं का नाही? दिलं असतं गं. कोणी वाईट नव्हतं तिथं. पण देवमाशाला दुसऱ्याला घास भरवता येत नाही. तिथं ज्यानं त्यानं आपलं आपण गाळायचं.

पहिल्या आठवड्यात थोरलीनं स्वतः खायचा प्रयत्न केला. दुसऱ्या आठवड्यात तिनं तो सोडला. तिच्या लक्षात आलं की दोघींचं पुरणार नाही. ती पोवळीला तळाशी घेऊन जायला लागली. आपल्या तोंडानं चिखल उकरून वर उडवायची आणि पोवळीला म्हणायची, "हं, आता ओढ. आता ढकल. गिळ." पोवळी अजून अंगावर पिणारी. तिला चिखल आवडेना. ठकू वरून ओरडायची, "खा गं, भवाने!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात पोवळीला जमलं. चांगलं जमलं. ती दिवसभर खाली-वर करायला लागली. आणि चौथ्या आठवड्यात पाण्यावर पहिला बर्फाचा पापुद्रा धरला.

म्हातारीनं निघायची हाक दिली. थोरलीनं पोवळीला तोंडानं ढकलत म्हातारीपाशी नेलं. "हिला घेऊन जा."

"आणि तू?"

"मला खाली जायचे तीन महिने आणि परत यायचे तीन महिने काढता येतील का, तूच सांग."

म्हातारीनं तिच्याकडे बघून नाही म्हटलं. खोटं बोलायची पद्धत नाही त्यांच्यात.

ठकू रडायला लागली. शंभर बाळंतपणं केलेली बाई, पण हुंदके देऊन रडली. म्हणाली, "चल गं, निदान माहेरपर्यंत चल. तिथं मी तुला सांभाळीन."

थोरली म्हणाली, "नको, ठकूमावशी. इथं राहू दे मला. इथं कोणी आग्रह करणार नाही."

मग पोवळीनं शेवटचं दूध घेतलं. ठकू म्हातारीच्या पाठीवर गेली. कळप निघाला. पोवळी दोनदा मागे वळून आली, आणि दोन्ही वेळा थोरलीनं तिला रागावून पुढे ढकललं. तिसऱ्यांदा आली तेव्हा थोरली खाली गेलेली होती. पोवळी तिथं थांबली. पाणी थिजायला लागलं तरी थांबली. थोरली श्वास घ्यायला वर आली नाही.

गार्गी, रडू नकोस. रड हवं तर. मी नाही थांबवणार.

मग कळप खाली आला. संक्रांतीच्या सुमाराला गावाची खाडी दिसायला लागली. म्हातारी खाडीच्या बाहेरच थांबली आणि ठकूला एका खडकावर उतरवलं. काठावर सगळं गाव लोटलं होतं. गोजिरा राणी सगळ्यांच्या पुढे. तिनं ठकूला हाताला धरून वर घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? "ठकू, जेवली का गं माझी थोरली?"

ठकू म्हणाली, "नाही जेवली. उपाशी मेली."

राणीनं कपाळ बडवून घेतलं, केस सोडले. खरं रडली ती, ढोंग नव्हतं. आणि रडता रडता म्हणाली, "तरी मी सांगत होते! सांगत होते की नाही? पोटभर जेवून जा म्हणून! चार घागरी आणखी घेतल्या असत्या तर माझी लेक आज जिवंत असती!"

आणि सगळं गाव म्हणालं, "खरं आहे, राणीसाहेब. तुम्ही काही कमी केलं नाहीत."

ठकूनं एक-एकाच्या तोंडाकडे बघितलं. काय सांगणार होती?

तेवढ्यात राणीला खाडीच्या तोंडाशी पोवळी दिसली. राणीनं डोळे पुसले. "अगंबाई, माझी नात! आईविना पोर आणि किती वाळलीय! आणा रे होड्या. दोर आणा. हिला मी नाही उपाशी जाऊ देणार. आईची चूक हिच्या बाबतीत व्हायची नाही."

लोक होड्यांकडे पळाले. आणि ठकू पाण्याकडे पळाली. म्हातारी बाई, पण अशी पळाली की कोणाला सापडली नाही. गळ्याएवढ्या पाण्यात गेली आणि ओरडली, "पोवळे, आत येऊ नकोस!"

पोवळी म्हणाली, "पण ठकूआजी, आई सांगायची ना मला, की इथं माझा पाळणा बांधला होता. चार होड्यांचा. मला बघायचाय."

"बांधला होता बाळा. खरं आहे ते. तरी येऊ नकोस."

"का? आत वाईट माणसं आहेत?"

ठकू म्हणाली, "नाहीत गं. तेच तर. तू जा." आणि पोवळी तरी हलेना, तेव्हा ठकूनं पाण्यातला दगड उचलला आणि तिच्यावर फेकला. ज्या हातानं तिला पहिल्या श्वासाला वर घेतलं होतं, त्याच हातानं फेकला. पोवळी दचकली. एकदा ठकूकडे बघितलं, आणि वळली. म्हातारीनं तिला कुशीत घेतलं आणि कळप दक्षिणेला निघून गेला.

काठावर सगळ्यांनी हे पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं, "दारी आलेल्या पोरक्या पोरीला उपाशी हाकललं!" मग दुसरं म्हणालं. मग सगळेच म्हणाले. त्या गावाच्या इतिहासात पाहुण्याला उपाशी परत पाठवणारी पहिली बाई कोण, तर ठकू. तिला कोणी मारलं नाही हो, सभ्य गाव होतं. नुसतं तिला बाळंतपणाला बोलवायचं बंद केलं. तिच्या हातचं पाणी बंद केलं. ठकू गावाबाहेर टेकडीवर एका झोपडीत राहायला लागली आणि तिथंच एकटी मेली. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. खांद्याला चार जण मिळायला दुपार झाली.

आणि राजा, राणी, त्यांचे तीन मुलगे आणि सगळं गाव सुखात राहिलं. खोटं नाही सांगत. राणीनं थोरलीच्या नावानं अन्नछत्र घातलं, आणि तिथं लोक अजून आडव्या हातावर वाढतात. तिला सगळे अन्नपूर्णा म्हणायचे. तिला शेवटपर्यंत झोप छान लागायची. नाही, निनाद, तिला शिक्षा झाली नाही. मायेनं केलेल्याला कोण शिक्षा देणार? मी दिली असती, पण मला कोणी विचारलं नाही.

पोवळी? पोवळी जगली, बरं का. मोठी झाली, तिलाही पिल्लं झाली. ती त्यांना घेऊन दर साल त्या गावावरून जाते, पण आत वळत नाही. पुढे एक उजाड खडकाळ खाडी आहे, माणूस नाही की काणूस नाही. तिथं तिची बाळंतपणं होतात. कोणी पाळणा बांधत नाही, कोणी नाव ठेवत नाही. माघ सरला की ती निघते, आणि बर्फ फुटायच्या दिवशी ती चुलीपाशी हजर असते. पोटभर जेवते.

झालं. आता कूस बदला आणि डोळे मिटा. बोलायचं नाही.